टेप आणायला कितीसा वेळ लागतो?

...नाही, पण मी म्हणतो, हूक हलतो हा काय माझा दोष आहे? हूक काय मी हलवतो? ती मोजायची टेप टोकाच्या हुकासकट बनून येते, मी फक्त कमरेला लावतो! पण नाही. आमच्या घरात कपाट कमी पडलं, की जावई मोजायला चुकला. दार घासलं, जावई चुकला. परवा सासूबाईंचे पडदे तोकडे झाले, ते तर शिंप्याने मोजले होते, शिंप्याने शिवले होते, मी त्या दिवशी घरातसुद्धा नव्हतो... तरी जेवताना सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं!

बरं, तुम्हाला सांगतो, मी सुतार. सासरेही सुतार. म्हणजे आधी मी त्यांच्या कारखान्यात कामाला लागलो आणि मग त्यांच्या मुलीशी लग्न केलं. लोकांना वाटतं, काय मजा आहे, मालकाचा जावई! अहो, कसली मजा? कारागीर होतो तेव्हा सासरे सरळ ओरडायचे, ‘अरे गाढवा, माप चुकलंस!’ झालं, संपलं, माणूस मोकळा व्हायचा. आता जावई झालो ना! आता म्हणतात, ‘जावईबापू, आपली हरकत नसेल, तर आपण गाढवपणा जरा कमी कराल का?’ आता याला काय उत्तर द्यायचं? हरकत आहे म्हणायचं? नाही म्हणायचं? दोन्हीकडून मीच गाढव!

आणि कामाची वाटणी कशी, तर सासऱ्यांचे गुडघे गेलेले, म्हणून साइटवर जाऊन मापं घ्यायची मी, आणि त्या मापांवर कारखान्यात फळ्या कापायच्या त्यांनी. म्हणजे मोजणार एक, कापणार दुसरा. माझी टेप वेगळी, त्यांची टेप वेगळी. आजवर बारीकसारीक फटी निघायच्या, मी त्यांत लांबी, म्हणजे ती पुट्टी, भरायचो, वरून रंग मारायचो, कुणाच्या बापाला कळायचं नाही. पण यावेळी गाठ कुणाशी? दातांच्या डॉक्टरीणबाईंशी!

त्यांच्या दवाखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपाट. पाच खोकी शेजारी शेजारी उभी करायची की झालं. मी पहिलं उभं केलं, दुसरं केलं, सगळं कसं झकास... आणि पाचवं सरकवलं, तर भिंत आणि खोकं यांच्यामध्ये फट! चांगली दीड सूत! सूत म्हणजे आमचा इंचाचा आठवा भाग, ऐकायला काय नाजूक वाटतं, पण फट म्हणून बघा एकदा, पलीकडचा माणूस दिसेल असं वाटतं! मी पटकन फटीसमोर पाठ करून उभा राहिलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘बाजूला व्हा.’ मी म्हटलं, ‘मी इथेच बरा आहे.’ ‘बाजूला व्हा!’ झालो. त्यांनी काय केलं माहितीये? ती दातात घालायची वाकडी सळई आणली, फटीत घातली, अशी आतल्या आत फिरवली, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. अगदी पेशंटला सांगावं तशी! ‘उशीर केलात. हे आता भरून चालणार नाही. सगळं काढून नवीन करावं लागेल.’

घरी आलो. सासऱ्यांनी दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांची ती जुनी, रंग उडालेली, आकडे अर्धे पुसलेले, पण टोकाचा तो पत्र्याचा हूक... पक्का! त्यांनी तो दोन बोटांत धरून ओढला, ढकलला, हूक ढिम्म. ‘ही बघा. आणल्या दिवशी ठोकून घट्ट केलीय. आणि ही आपली.’ माझ्या हुकाला त्यांनी नुसतं नखाने टिचकावलं. टिक टिक, टिक टिक! हूक मागे-पुढे, मागे-पुढे. ‘ज्या टेपचं टोकच जागेवर नाही, जावईबापू, तिचं माप जागेवर कसं येणार?’

आणि तुम्हाला सांगतो, मलाही पटलं! खरंच पटलं! मी म्हटलं, च्यायला, इतकी वर्षं आपण हलती टेप कमरेला लावून हिंडतोय!

मग सासरे म्हणाले, ‘एक तर हूक न हलणारी, भरवशाची टेप आणा, नाहीतर उद्यापासून साइटवर मी जातो, आपण इथे बसून घासकाम करा.’ घासकाम म्हणजे काय, पॉलिश पेपर घ्यायचा आणि फळी घासत बसायचं, नाकात भुसा, केसांत भुसा, संध्याकाळी शिंकलं की समोरचा माणूस पांढरा! मी मिस्त्री आहे हो! साइटवर लोक मला मिस्त्री म्हणतात, चहा विचारतात! पण माझं एक वेळ जाऊ द्या, सासऱ्यांचं काय? त्यांना दोन पायऱ्या चढायला कठड्याचा आधार लागतो, मधल्या पायरीवर थांबून ते उगाच भिंतीचा गिलावा बघितल्यासारखं करतात, आणि हे शिडीवर चढून मापं घेणार? बायको दाराआडून ऐकत होती. मला आत बोलावून म्हणाली, ‘अहो, बाबा शिडीवरून पडले तर मी तुम्हाला आयुष्यभर माफ करायची नाही. आणून टाका ना त्यांच्या मनासारखी टेप. टेप आणायला कितीसा वेळ लागतो?’

टेप आणायला कितीसा वेळ लागतो! वा! तुम्ही कधी नीट बघून टेप घेतलीय का हो? नाही ना? मग बोलू नका.

पहिल्या दुकानात गेलो. दुकानदार पेपर वाचत होता. म्हटलं, ‘टेप दाखवा.’ त्याने वर न बघता हात मागे नेला, खिळ्यावरची पहिली टेप काढली आणि माझ्यापुढे आपटली. म्हटलं, ‘जरा चार-पाच दाखवा.’ तेव्हा कुठे त्याने वर बघितलं. ‘चार-पाच? टेप ती टेप, तिच्यात काय बघायचं?’

काय बघायचं? अहो, काय नाही बघायचं! पहिलं म्हणजे पातं. पातं अरुंद असेल तर टेप हातभर बाहेर काढली की मान टाकते. साइटवर मी एकटा, पलीकडचं टोक धरायला कोण आहे? टेप स्वतःच्या हिमतीवर पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली पाहिजे. दुसरं म्हणजे खटका. दाबला की पातं जागच्या जागी थांबलं पाहिजे, नाहीतर तुम्ही आकडा वाचायला वाकता आणि ती सटकन आत जाते, जाता जाता बोटही कापते. आकडे मोठे पाहिजेत, आकड्यांवर जाडसर लेप पाहिजे, नाहीतर सिमेंटात घासून वर्षभरात नुसता कोरा पत्रा हातात राहतो. आणि डबीला बाहेरून रबर पाहिजे, कारण टेप पडते. कितीही जपा, पडते!

मी म्हटलं, हिची मान बघू. टेप धरली आणि बाहेर काढत गेलो, काढत गेलो... रुंद पातं होतं, काय सरळ चालली हो! मी नुसता कौतुकाने आकडे बघतोय, टेप पुढे, आणखी पुढे, आणि पलीकडे एक गृहस्थ खिळे तोलून घेत होते, थेट त्यांच्या शर्टाच्या खिशात! त्यांनी खाली बघितलं. मग हळूहळू टेपवरून नजर सरकवत माझ्यापर्यंत आले. ‘काय मोजताय?’ म्हटलं, ‘काही नाही, भरवसा बघतोय.’ त्यांनी खिशावर हात ठेवला आणि खिळे न घेताच निघून गेले. दुकानदाराने पेपर खाली ठेवला.

पण टेप उत्तम होती हो! मान ताठ, खटका पक्का, आकडे ठळक. घेतच होतो. म्हटलं, शेवटचं म्हणून हूक बघावा... टिक टिक! दुसरी काढा म्हटलं. टिक टिक. तिसरी. टिक टिक! म्हटलं, ‘अहो, सगळा माल सदोष आहे तुमचा!’ आता मला सांगा, यात रागवण्यासारखं काय होतं? मी तर त्याच्या भल्यासाठीच सांगत होतो! तो काउंटरवरून बाहेरच आला. मी निघालो.

इकडे बायकोचा फोन. ‘कुठे आहात? बाबांनी शिडी काढून ठेवलीय. जाऊन जाऊन कुठे गेलात? टेप आणायला कितीसा वेळ लागतो?’

दुसरं दुकान. तिथला माणूस गोड. फारच गोड. म्हणाला, ‘साहेब, एकदम पक्की टेप देतो, तुमच्या नातवापर्यंत चालेल.’ हूक बघितला, आणि खरंच सांगतो, हलेना! माझा आनंद गगनात मावेना. घरी फोन लावणार इतक्यात सवयीने खिशातली स्टीलची पट्टी काढून टेपला लावली. पट्टीवर आठ इंच, टेपवर... आठ इंचांच्या पुढे चांगलं सूतभर! म्हटलं, ‘ही काय मोजते?’ तर म्हणतो, ‘साहेब, एवढं तर चालतंच ना, लाकूड काय, उन्हाळ्या-पावसाळ्यात कमी-जास्त होतंच.’ म्हणजे लाकूड हलतं म्हणून टेपनेही हलायचं! हूक जागेवर आणि आकडेच पळालेले! आता ही घेतली असती तर सासरे एकदम खूश झाले असते, आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाटातून माणूस आरपार गेला असता! ठेवली तिथेच. बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिलो आणि स्वतःलाच विचारलं, बाबा रे, टेप आणायला कितीसा वेळ लागतो?

तिसऱ्या दुकानात एक ताई. जाडजूड चष्मा, एका हाताने बिजागऱ्या मोजून पुड्या बांधतायत, दुसऱ्या हाताने फोन कानाला, आणि माझ्याशी नुसत्या भुवयांनी बोलतायत. मी एकेक टेप काढून हूक हलवतोय, टिक टिक, बाजूला. टिक टिक, बाजूला. काउंटरवर टेपांचा हा ढीग! शेवटी त्यांनी फोन ठेवला. ‘भाऊ, काय चाललंय?’ म्हटलं, ‘ताई, न हलणारी टेप आहे का?’ ‘म्हणजे?’ ‘हूक न हलणारी.’ त्यांनी हातातली पुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘भाऊ, हूक हलला नाही तर परत आणा. बदलून देईन.’

मी म्हटलं, ‘ताई, उलटं बोलताय.’ म्हणाल्या, ‘मी सरळच बोलतेय, तुम्हीच उलटे ऐकताय. काय काम करता?’ म्हटलं, ‘सुतार.’ त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘सुतार?’ एवढंच म्हणाल्या. पण ज्या सुरात म्हणाल्या ना... जाऊ द्या.

मग त्यांनी एक टेप घेतली, हूक भिंतीला टेकवून दाबला. ‘आत गेला?’ गेला. मग हूक काउंटरच्या कडेला अडकवून ओढला. ‘बाहेर आला?’ आला. ‘किती हलला? हुकाच्या पत्र्याची जाडी आहे ना, तेवढाच. भिंतीला टेकवता तेव्हा पत्रा मापात धरायचा, फळीला अडकवता तेव्हा सोडायचा, म्हणून तो हलतो. हलायलाच बनवलाय! न हलणारा हूक घेऊन फळीला अडकवाल, तर प्रत्येक फळी पत्र्याच्या जाडीएवढी कमी कापाल. आता ह्या सगळ्या टेपा जागेवर लावा.’

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला हो! प्रत्येक फळी दोराभर, म्हणजे सुताच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी, कमी. एका खोक्यात दोराभर, पाच खोक्यांत... दीड सूत! म्हणजे माझी टेप बरोबर! माझं माप बरोबर! चुकली कोण? ती पक्की, ती दगडासारखी, ती आणल्या दिवशी ठोकून घट्ट केलेली! इतकी वर्षं मी लांबी भरली, मी शिव्या खाल्ल्या, त्याही अहो-जाहो करून घातलेल्या, आणि चोर घरातच, सासऱ्यांच्या कमरेला!

टेप घेतली. हलत्या हुकाची, एक नंबर. आणि घराकडे जो सुटलो! वाटेत सारखा मनात बोलतोय. ‘बाबा, आपली हरकत नसेल तर...’ नको, हे फार झालं. ‘बाबा, रागावू नका, पण...’ नको, हे फारच कमी झालं, मी इतकी वर्षं ऐकलंय! ‘बाबा, आपण जरा गाढवपणा...’ इथे मात्र मला रस्त्यातच हसू फुटलं, समोरून येणाऱ्या बाई मूल घेऊन पलीकडे गेल्या. तुम्हाला सांगतो, बरोबर असण्यात काय सुख असतं, ते मला त्या दिवशी कळलं. अर्ध्या रस्त्यापुरतं.

घरी आलो तर सासरे दारातच. शिडी भिंतीला लावलेली आणि ते पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून उभे. दुसरा पाय खालीच. तो वर येईना म्हणून तिथेच थांबलेले. मला बघून म्हणाले, ‘जरा शिडी बघत होतो, पक्की आहे का.’ मी म्हटलं, ‘आहे पक्की.’ पाय खाली घेतानासुद्धा माझा खांदा धरावा लागला त्यांना. आणि तो हात, अहो, ज्या हाताने रंधा चालवताना कुणाला मधे बोलायची हिंमत व्हायची नाही, तो हात माझा खांदा सोडेना. मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. आणि रागही आला, कारण वाटेत तयार केलेली सगळी वाक्यं एकदम फुकट गेली!

त्यांनी टेप घेतली, वजन बघितलं, पातं बाहेर काढलं, खटका दाबला. ‘छान आहे. आपली निवड छान आहे, जावईबापू.’ अशी शाबासकी मला लग्नातही मिळाली नव्हती! आणि मग त्यांचं बोट हुकाकडे गेलं. टिक टिक.

बायको माझ्याकडे बघतेय, मी सासऱ्यांकडे बघतोय, सासरे हुकाकडे बघतायत. मी तोंड उघडलं. म्हटलं आता सांगायचंच. ‘बाबा, तो हूक...’

‘असू दे हो,’ ते म्हणाले. ‘नवीन टेपचा हलतोच. मी कशाला आहे? आता साइट माझ्याकडून होत नाही, शिडी होत नाही, काल ओंडका उचलला तर रात्रभर कंबर धरून बसलो. कारखान्यात सगळे मला बसा बसा म्हणतात. तुमच्या हत्यारांना असं पक्कं करून देणं, तेवढं एक राहिलंय बघा माझ्याकडे.’

आता सांगा! घ्या! बोला! तुम्ही असता तर काय बोलला असता? नाही, बोला ना! इथे बसून सोपं आहे! बायकोचे डोळे भरलेले, सासऱ्यांनी ऐरणीवर हूक ठेवलेला, जीभ जराशी बाहेर, एक डोळा बारीक, इतकं मन लावून... ठक. ठक. ओढून बघितला. ढिम्म. आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. ‘घ्या. आता ही आयुष्यभर हलणार नाही.’

मी म्हटलं, ‘छान झाली, बाबा.’

काय करणार? मग मी युक्ती काढली. साइटवर जातो, हूक भिंतीला टेकवून नीट माप घेतो, तिथे ठोकलेला हूकही चालतो, आणि घरी येऊन सासऱ्यांना प्रत्येक फळीचं माप दोराभर वाढवून सांगतो. ते त्यांच्या टेपने कापतात, फळी दोराभर कमी येते, म्हणजे बरोबर येते! खरं माप सांगितलं की कपाट बसत नाही, खोटं सांगितलं की हवा जायला जागा राहत नाही. डॉक्टरीणबाईंकडे नवीन खोकी बसवली, त्यांनी सळई घेऊन सगळीकडे शोधलं, कुठे शिरेना! म्हणाल्या, ‘आता कसं निरोगी आहे.’ साइट माझ्याकडेच राहिली, शिडी आत गेली, आणि सासरे आल्या-गेल्याला टेप दाखवतात, ‘सगळा दोष हुकाचा होता. मी पक्का करून दिला, तेव्हापासून जावईबापूंचं एक माप चुकलेलं नाही.’ आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावतो!

चाललं होतं हो बरं. पण बायकोला कौतुक आवरेना. तिने गपचूप एक लेझरचं यंत्र आणलं माझ्यासाठी. भिंतीवर लाल रेघ पाडतं, एकदम सरळ, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात काय असतं, तर आत एक छोटासा लंबक टांगलेला असतो. यंत्र कसंही ठेवा, लंबक मोकळा झुलतो आणि स्वतःच सरळ होतो, म्हणून रेघ सरळ पडते. झुललाच नाही तर नुसता दिवा! मला काय आनंद झाला! म्हटलं आता टेप नको, हूक नको, काही नको. मी खोक्यातून काढून नुसतं टेबलावर ठेवलं होतं, पाणी प्यायला आत गेलो, एवढंच...

बाहेर येतो तर सासऱ्यांनी ते कानाशी धरलेलं. हलवून बघतायत. खुळखुळ. खुळखुळ. चेहऱ्यावर इतकी माया, इतकी माया, की मला पुढचं सगळं दिसलंच.

‘जावईबापू,’ म्हणाले, ‘आत काहीतरी सुटलंय. आपली हरकत नसेल तर जरा हातोडी द्या.’

...दिली.